कॅन्सरची तपासणी, रिस्क आणि ट्रीटमेंट: नागपुरातले लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

शिबिराच्या टेबलावर, हॉस्पिटलच्या ओपीडीबाहेर आणि व्हॉट्सॲपवर फिरून फिरून तेच प्रश्न येऊन राहिले म्हणून एकदाचे इथं लिहून टाकले. प्रश्न लोकांच्याच भाषेत ठेवलेत. हे वाचून डॉक्टरकडे जाणं टाळू नका, उलट जाताना काय विचारायचं ते ठरवायला वापरा.

मले काहीच त्रास नाही, मग तपासणी काऊन करू?

त्रास नाही म्हणूनच. स्क्रीनिंग असतंच ठणठणीत माणसासाठी. तोंडाचा, गर्भाशयाच्या मुखाचा आणि स्तनाचा कॅन्सर सुरुवातीला दुखत नाही, आणि पहिल्या दोन जागी तर कॅन्सर व्हायच्या आधीचा बदलसुद्धा डोळ्यांना दिसतो किंवा टेस्टमध्ये सापडतो. तेव्हा पकडला तर छोट्या ऑपरेशनवर किंवा नुसतं तेवढा भाग जाळून भागतं, नंतर पकडला तर ऑपरेशन, शेक (रेडिएशन), केमो सगळंच लागू शकतं.

आणि त्रास असन तर? पुढच्या महिन्यात आमच्या वॉर्डात शिबिर आहे, तेव्हा दाखवतो.

नाही जी, हे करू नका. गाठ लागते, तोंडातलं फोड बसत नाही, पाळी गेल्यावर परत रक्त गेलं, तर ते शिबिराचं काम नाही, सरळ डॉक्टरकडे जायचं, याच आठवड्यात. शिबिरात पाच मिनिटं बघून "ठीक वाटतंय" म्हटलं आणि माणूस सहा महिने निर्धास्त राहिला असं होतं, आणि ते सहा महिने महागात पडतात. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. मागच्या वर्षीचा रिपोर्ट नॉर्मल असला तरी आज नवीन त्रास सुरू झाला असेल तर तो रिपोर्ट जुना झाला.

कोणत्या कॅन्सरची तपासणी खरंच कामाची आहे?

आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात तीन आहेत: तोंड, स्तन, गर्भाशयाचं मुख. वय ३० झालं की दर ५ वर्षांनी, सोबत बीपी आणि शुगर. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात त्यात तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरातला इतिहास असं विचारतात आणि त्याचे मार्क धरतात, ४ च्या वर गेले की आधी तपासणीला बोलावतात. मार्क कमी आले तरी ३० च्या वरच्यांनी जायचंच असतं. तो फॉर्म भरताना खर्रा (घोटलेली सुपारी-तंबाखू) लपवू नका राव, आशाताईला तुमच्या दातांवरून कळतंच.

ही तिन्ही उगाच निवडलेली नाहीत. यावर भारतातच मोठाले अभ्यास झालेत. केरळात तिरुअनंतपुरमला नुसतं तोंड उघडून टॉर्चने बघायची तपासणी केली, त्यात तंबाखू-दारूवाल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, हे २००५ मध्ये छापून आलं. उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, तिथं १,३१,७४६ बायकांवर अभ्यास झाला आणि आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही टेस्टने (हा कॅन्सर करणारा व्हायरस शोधायची टेस्ट) गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईत टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी वस्त्यांमध्ये २० वर्षं अभ्यास चालवला, शिकवलेल्या बायकांनी हाताने स्तन तपासले, मशीन नाही काही नाही, आणि पन्नाशीच्या वरच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. म्हणून कोणी म्हटलं की "भारी मशीन नाही तर काय तपासणी", तर त्याला हे सांगा.

खर्‍र्‍याचं खरंच एवढं आहे का? आमचे बाबा ४० वर्षं खाऊन राहिले, त्यांना काही झालं नाही.

बाबांना झालं नाही ही चांगली गोष्ट आहे, पण ज्यांना झालं ते तुमच्यासोबत पानठेल्यावर उभे नसतात ना, ते वॉर्डात असतात.

विदर्भाचा हा खास आजार आहे असं मी तोंडावर म्हणतो. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून देतात, म्हणजे दोन कॅन्सरकारक गोष्टी आणि वरून चुना, आणि तो गोळा गालात एकाच जागी दाबून ठेवायचा, ऑफिसात, ऑटोत, लग्नात, मयतीत. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी आली, पुढे सुगंधी तंबाखू-सुपारीवरही आली, पण खर्रा तुमच्यासमोर घोटून मिळतो, त्याला पाकीट नाही म्हणून पाकिटावरचा सडलेल्या तोंडाचा फोटोही नाही. आठवी-नववीतले पोट्टे खिशात पन्नी घेऊन फिरतात आणि घरचे म्हणतात "सुपारीच तर आहे".

तेच तर, मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो.

सुपारी एकटीही कॅन्सर करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्येच तंबाखू नसलेल्या सुपारीलाही पक्क्या कॅन्सरकारकांच्या गटात टाकलं. आणि तोंड आखडण्याचा जो आजार आहे, ज्याला डॉक्टर सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, तो मुख्यतः सुपारीनेच होतो. गालाच्या आतलं मऊ कातडं पांढरं-कडक व्हायला लागतं, तोंड हळूहळू कमी उघडतं. यातल्या काही लोकांना पुढे कॅन्सर होतो.

याची पहिली खूण नागपूरकराला लगेच समजते, ती म्हणजे तिखट सोसेनासं होणं. आधी साऊजीचा रस्सा आरामात जायचा आणि आता तर्री पोहेसुद्धा झोंबून राहिले, तर "ॲसिडिटी झाली" म्हणून गोळ्या खात बसू नका, तोंड दाखवा. (साऊजी खाऊन कॅन्सर होतो का हाही प्रश्न येतो. तिखटाने तोंडाचा कॅन्सर होत नाही, खा बिनधास्त.)

तोंड घरी कसं पाहायचं?

आरसा, मोबाईलचा टॉर्च, धुतलेला हात. ओठ उलटे करून, दोन्ही गाल आतून, हिरड्या, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा, जिभेच्या खाली, टाळू. खर्रा जिथं ठेवता ती जागा जास्त वेळ बघा. आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात जातात का बघा, जात नसतील तर दाखवायला हवं. शोधायचं काय तर पुसून न जाणारा पांढरा डाग, लाल मखमली डाग (हा जास्त वाईट), दोन-तीन आठवड्यांत न बसलेलं फोड, गाठ, कारण नसताना हललेला दात, गळ्यात लागणारी गोळी. दात टोचून होणारं फोड, तो टोचणारा दात डॉक्टरकडून घासून बोथट करून घेतला की बसतं, नाही बसलं तर तुकडा काढून तपासायचा. दातांचे डॉक्टर हे पाहू शकतात, सरकारी डेंटल कॉलेज मेडिकलच्याच (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) आवारात आहे.

एवढी वर्षं खाल्ला, आता सोडून काय फायदा?

फायदा आहे. सोडल्यावर रिस्क एका दिवसात उतरत नाही, वर्षावर्षाने उतरते, आणि कॅन्सर झालेल्यानेही सोडला तर ट्रीटमेंट चांगली लागू पडते, दुसरा कॅन्सर व्हायची शक्यता कमी होते. आखडलेलं तोंड पूर्ण मोकळं होईल असं मात्र नाही, वाढायचं थांबवता येतं, व्यायाम आणि इंजेक्शनने थोडं सुधारतं.

सोडताना पहिले तीन-चार दिवस सगळ्यात बेक्कार जातात, चिडचिड, डोकं दुखणं, झोप नाही, मग दोन ते चार आठवड्यांत ती तलफ उतरत जाते. निकोटिनचा च्युइंगम मिळतो पण तो खर्‍र्‍यासारखा चावत राहायचा नाही, थोडा चावून गालात ठेवायचा असतो, डॉक्टरला विचारून घ्या. तंबाखू सोडण्याची सरकारी हेल्पलाईन १८००-११-२३५६ आहे, फुकट आहे. आणि मित्रांना सांगून ठेवा की मला पुडी ऑफर करू नका, नागपुरात निम्मी अडचण तिथंच आहे, नाही म्हटलं की समोरच्याला अपमान वाटतो.

ते खालून तपासतात ती तपासणी दुखते का? डॉक्टर बाईच असते का?

थोडं अवघडल्यासारखं होतं, दुखत नाही, दोन-चार मिनिटांचं काम आहे. सरकारी केंद्रात जी साधी पद्धत आहे त्यात गर्भाशयाच्या मुखाला व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून एक मिनिट थांबतात, खराब पेशी असतील तिथं पांढरा डाग उठतो. उठला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, पुढे दुर्बिणीतून बघतात आणि बहुतेक वेळा तेवढा भाग थंड किंवा गरम करून नष्ट केला की झालं. पॅप स्मिअरमध्ये पेशी काढून लॅबला पाठवतात, आणि एचपीव्ही टेस्ट सगळ्यात भरवशाची, तिच्यात तर नमुना बाई स्वतःही घेऊ शकते. बहुतेक ठिकाणी नर्स किंवा डॉक्टर बाईच असते, नसेल तर मागायचा तुम्हाला हक्क आहे. पाळीच्या दिवसांत जाऊ नका, एवढंच.

पॅपच्या रिपोर्टवर "इन्फ्लमेटरी" लिहून आलं की बायका रडत फोन करतात. त्याचा अर्थ सूज किंवा इन्फेक्शन, कॅन्सर नाही.

एचपीव्ही म्हणजे काय आणि मुलीला लस द्यायची का?

हा व्हायरस आहे, शरीरसंबंधातून पसरतो, आणि इतका कॉमन आहे की जवळपास प्रत्येकाला आयुष्यात कधी ना कधी लागतो, त्यावरून कोणाच्या चारित्र्यावर बोलायचं काहीच कारण नाही. बहुतेकींचा एक-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्याजणींमध्ये टिकून राहतो आणि मग १०-२० वर्षांनी त्यातून कॅन्सर होऊ शकतो, त्यातले सुमारे ७० टक्के १६ आणि १८ नंबरच्या प्रकारांमुळे. लस ९ ते १४ वयात सगळ्यात चांगली लागू होते. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते, १४ पर्यंत दोन डोस आणि १५ ते २६ मध्ये तीन, असं तिचं वेळापत्रक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एक डोसही चालतो असं मान्य केलं, त्यामुळे सरकारी आणि प्रायव्हेटमध्ये वेगळं सांगितलं तर घाबरू नका. लस घेतलेल्या मुलीनेही ३० नंतर तपासणी करायची.

छातीत गाठ आहे पण दुखत नाही, म्हणजे साधीच असन ना?

उलटं आहे. कॅन्सरची गाठ सुरुवातीला सहसा दुखत नाही म्हणून तर बायका महिनोन्महिने कोणाला सांगत नाहीत. पण घाबरायचंही नाही, तरुण वयातल्या बहुतेक गाठी साध्या निघतात. दाखवायचंच, एवढं नक्की. निप्पल आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं, काखेत गाठ, किंवा कातडीवर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे दिसले तरी दाखवा, नागपूरकरांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

चाळिशीच्या आत बहुतेक वेळा आधी सोनोग्राफी करतात, कारण तरुण स्तन मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) नीट दिसत नाही. चाळिशीनंतर मॅमोग्राफी किती वर्षांनी करायची यावर वेगवेगळ्या देशांची मतं वेगळी आहेत, तुमच्या घरचा इतिहास सांगून डॉक्टरसोबत ठरवा. रिपोर्टवर बायरॅड्सचा आकडा असतो, म्हणजे फोटोत किती शंका वाटते त्याचा नंबर, तो असा वाचा: १ आणि २ म्हणजे ठीक, ३ म्हणजे बहुतेक साधं पण ६ महिन्यांनी परत बघू, ४ आणि ५ म्हणजे बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) करा, आणि ० म्हणजे फोटो अपुरे आहेत, अजून एक टेस्ट लागेल. शून्य बघून पेढे वाटू नका.

फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये कॅन्सर मार्कर पण आहेत, करून टाकू का?

माझं मत विचाराल तर पैसे वाचवा. सीईए, सीए-१२५ वगैरे रक्ताच्या टेस्ट या कॅन्सर आधीच सापडलेल्या पेशंटची ट्रीटमेंट कशी चालली ते बघायला असतात. चांगल्या माणसात त्या गोंधळ घालतात. सीए-१२५ तर पाळी, फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस यानेही वाढतो. मग आकडा लाल अक्षरात येतो, घरात रडारड, सीटी स्कॅन, अजून स्कॅन, आणि शेवटी काही नाही. आणि दुसरीकडे आकडा नॉर्मल आला म्हणून खरी गाठ दुर्लक्षित होते, तेही होतं. पुरुषांचा पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ताची टेस्ट) थोडा वेगळा, तो प्रोस्टेट साधा वाढला तरी वाढतो, म्हणून करायचा असेल तर आधी डॉक्टरशी बोलून, वर्षाच्या पॅकेजमध्ये आपोआप नाही. गंमत अशी की या हजारोंच्या पॅकेजमध्ये तोंड कोणी उघडून बघत नाही.

माणसांनी अजून काय पाहावं?

संडासवाटे रक्त म्हणजे मूळव्याधच, हे स्वतः ठरवू नका. मूळव्याध खूप जणांना असतेच पण चाळिशीनंतर नव्याने रक्त जाऊन राहिलं, संडासची सवय बदलली, वजन उतरलं तर बोट घालून तपासणी आणि गरज पडली तर दुर्बीण. लघवीत रक्त, दुखत नसलं तरी, एकदाच आलं तरी दाखवा.

खोकल्याचं असं की आपल्याकडे टीबी जास्त, त्यामुळे एक्स-रेत डाग दिसला की टीबीचं औषध सुरू होतं. थुंकीची तपासणी करून टीबी सिद्ध झाला का हे विचारा, आणि औषध चालू असूनही डाग कमी होत नसेल, थुंकीत रक्त असेल, तर कॅन्सरसाठी बघा म्हणून स्वतः म्हणा.

पेपरात येतं "अमुक खाल्ल्याने कॅन्सरचा धोका दुप्पट". मग काय खायचंच नाही का?

विचारायचं, कशाच्या दुप्पट. समजा एखादा आजार १०,००० जणांत एकाला होतो, तो दुप्पट झाला म्हणजे दोघांना. बातमी खरी, पण तुमच्यासाठी फरक बारीकसा. आणि जो आजार आधीच बऱ्याच जणांना होतो तो दुप्पट झाला तर मोठी गोष्ट. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कॅन्सर संस्थेने सॉसेज-बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस तंबाखूच्याच गटात टाकलं म्हणून बोंब झाली होती. तो गट फक्त एवढं सांगतो की पुरावा पक्का आहे, धोका किती मोठा ते सांगत नाही. तंबाखूचा धोका त्याच्या कितीतरी पुढे आहे.

आमच्या घरात कोणालेच नव्हता, मले कसा होईन?

अंदाजे ५ ते १० टक्के कॅन्सरच आईबापांकडून आलेल्या जीन्समुळे होतात, बाकी सगळे असे "घरात कोणालाच नव्हता" वालेच. पण आई, बहीण, मावशी यांना कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा झाला असेल तर डॉक्टरला सांगा, जीन टेस्ट आणि लवकर तपासणीचा विचार करतात.

बायोप्सी केली की पसरतो म्हणतात.

नाही पसरत. तुकडा न तपासता सहसा ना शेक देता येतो ना केमो. ज्यांचा आधीच पसरलेला होता त्यांची बायोप्सी झाली आणि नंतर तब्येत बिघडली, लोकांनी नाव सुईचं घेतलं.

शेक म्हणजे करंट देतात का? आणि पेशंटपासून लेकरांना दूर ठेवायचं का?

करंट नाही, एक्स-रेसारखे पण खूप ताकदीचे किरण असतात. टेबलावर झोपायचं, मशीन फिरते, काही मिनिटांत बाहेर, जाणवत काही नाही. सहसा आठवड्यातून ५ दिवस, ५ ते ७ आठवडे, म्हणून गडचिरोली, गोंदिया किंवा शिवनी-बालाघाटहून येणाऱ्यांनी राहायची सोय आधी बघावी, मधे गॅप पडला तर फायदा कमी होतो. बाहेरून शेक घेतलेल्या पेशंटच्या अंगात किरण राहत नाहीत, नातवाला मांडीवर घेऊ द्या. थायरॉइडच्या कॅन्सरला किरणं सोडणारं आयोडिनचं औषध पाजतात तेव्हा मात्र काही दिवस लांब राहावं लागतं. तोंड-गळ्याला शेक असेल तर सुरू व्हायच्या आधी दात दाखवून घ्या, खराब दात नंतर काढले तर जबड्याचं हाड सडू शकतं.

केमोत काय सांभाळायचं?

केस जातात, परत येतात. सगळ्याच औषधांनी जात नाहीत. खरी सांभाळायची गोष्ट ताप आहे. केमो चालू असताना १००.४ च्या वर ताप आला तर पॅरासिटामॉल खाऊन सकाळची वाट बघू नका, पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा आणि दारातच सांगा की केमो सुरू आहे. नागपूरच्या मे महिन्यात उलट्या-जुलाब झाले तर पाणी फार पटकन कमी होतं, तेही लक्षात असू द्या. साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो हे खरं नाही, पेशंट मात्र अशक्त होतो. आणि कोणी जडीबुटी दिली तर निदान डॉक्टरला सांगून घ्या, काही औषधं लिव्हरवर जातात आणि केमो थांबवावी लागते.

मुंबईले जावंच लागते का? आणि पैसे?

पहिल्यासारखं दर पेशंटला विदर्भ एक्सप्रेस पकडून टाटाला जायची गरज नाही. इथं मेडिकल आहे, मिहानमध्ये एम्स आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, मानेवाडा रोडवर राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे (तुकडोजी महाराज स्वतः शेवटी कॅन्सरनेच आजारी होते). दुर्मिळ कॅन्सर असेल किंवा दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगत असतील तर दुसरं मत जरूर घ्या, पण त्यात दोन-तीन महिने घालवू नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, शेक, केमो बसतात, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा, आणि हे ॲडमिट व्हायच्या आधी, कारण मंजुरी आधी लागते, भरलेले पैसे मागून परत मिळवणं म्हणजे चकरा. ७० आणि त्यावरच्या वयाच्यांना आयुष्मानचं वेगळं कार्ड निघतं. रेल्वेत ट्रीटमेंटसाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्यालाही सवलत आहे, हॉस्पिटलकडून फॉर्म भरून घ्यायचा.

आईले सांगायचं का की कॅन्सर आहे?

बहुतेक घरी लपवतात, आणि बहुतेक पेशंटना आधीच कळलेलं असतं, बोर्ड वाचता येतो त्यांना. किती जाणून घ्यायचं आहे ते त्यांनाच विचारा. काही आया म्हणतात तू पाहून घे बापू, काही म्हणतात सगळं सांग. दोन्ही चालतं. पण सही त्यांची, शरीर त्यांचं.

डॉक्टरकडे जाताना काय न्यायचं?

एक फाईल, तारखेनुसार लावलेली. बायोप्सीचा रिपोर्ट सगळ्यात वर, त्याचा ब्लॉक आणि स्लाईड (मेणात ठेवलेला तुकडा आणि त्याची काच) लॅबकडून मागून घ्या, दुसरं मत घेताना तेच मागतात. स्कॅनची सीडी, फक्त कागद नाही. शुगर-बीपीच्या चालू गोळ्यांची यादी. विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या: कोणता कॅन्सर, कोणती स्टेज, ट्रीटमेंट बरं करायला आहे की त्रास कमी करायला, किती दिवस, किती खर्च, आणि नाही केलं तर काय. सोबत एकच माणूस आत न्या, जो ऐकून लिहून घेईल. आठ-दहा जण आत घुसले की डॉक्टर कोणाशी बोलणार.